बाल्कनीतले बागायतदार

भाजीवाल्याने पिशवीत वरून चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या फुकट टाकणं बंद केलं, तेव्हा खरं तर मराठी मध्यमवर्गाने पेटून उठायला हवं होतं. मोर्चा काढता आला असता. निदान वाचकांच्या पत्रव्यवहारात 'सामान्य माणसाने जगायचे कसे?' अशा मथळ्याची दोन-चार पत्रं तरी यायला हवी होती. तसं काही झालं नाही. आपण जाऊन कुंडी आणली.

आमच्या सोसायटीत आता बाल्कनीगणिक मिरचीचं एक तरी रोप आहे. तुळस धर्मासाठी, मनी प्लांट पैशासाठी (तो अजून यायचाय) आणि मिरची शेतीसाठी. शेतीची हौस भागवायला मिरचीइतकं सोयीचं पीक नाही. टोमॅटोला काठ्यांचा आधार लागतो, दुधीला मांडव लागतो, कढीपत्ता पहिली दोन वर्षं रुसून बसतो. मिरची दहा-बारा इंची कुंडीत सुखाने नांदते, तीन-चार महिन्यांत फळते आणि मुख्य म्हणजे आल्यागेल्याला दाखवता येते. पाहुण्याला शेवंती दाखवली तर तो 'वा' म्हणतो आणि पंख्याखाली जाऊन बसतो. मिरची दाखवली की थांबतो, वाकून बघतो आणि विचारतो, "घरची?" या एका 'घरची?'साठी पुढचा सगळा खटाटोप असतो. खाण्यासाठी मिरची लावलेला माणूस मी तरी अजून पाहिलेला नाही.

सुरुवात बियांपासून. बी कुठून आणायचं यावर घरोघरी दोन पक्ष असतात. एक पाकीट विकत आणणारा, दुसरा 'घरात मिरच्या असताना बी विकत कशाला?' म्हणणारा. दुसरा पक्ष स्वयंपाकघरात असतो, त्यामुळे सत्तेत असतो. तो हिरवी मिरची चिरतो, तिचं बी मातीत टाकतो आणि महिनाभर वाट बघतो. हिरव्या मिरचीचं बी कोवळं, ते सहसा उगवत नाही. भाजीच्या टोपलीत तळाशी राहून लालबुंद झालेली, जराशी सुरकुतलेली एखादी मिरची असते, जी आपण टाकून देतो, तिचं बी घ्यावं. डब्यातल्या ब्याडगीचंही उगवतं, डबा फार जुना नसेल तर. मात्र ब्याडगीच्या बियांतून ब्याडगीच येईल याची हमी नाही. बाजारातला बराच माल संकरित असतो आणि संकरितांची पोरं आईबापांच्या वळणावर जातीलच असं नसतं. हे मी मिरचीपुरतंच सांगतोय.

तिसऱ्या मजल्यावरचे काका पाकीटवाले. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे पाकिटामागचा बारीक मजकूर त्यांनी भिंगाने वाचला. त्यांना खरं तर लवंगी हवी होती. नर्सरीवाल्याने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "काका, आधी ज्वाला जगवा. मग बघू." म्हणून पुसा ज्वाला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेली ही जात लांब, बारीक, टोकाशी किंचित वाकडी, तिखटाला चोख आणि नवशिक्याला सांभाळून घेणारी आहे. नर्सरीवाल्याचा अंदाज बरोबर होता.

शिमग्याच्या सुमारास काकांनी बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं मिसळून ट्रेमध्ये भरलं, अर्ध्या सेंटिमीटरवर एकेक बी टोचलं आणि पाणी शिंपडलं. २५ ते ३० अंश तापमान मिळालं तर मिरची आठ-दहा दिवसांत उगवते, थंडीत अंग चोरते, आणखी आठवडा घेते. हे सगळं काकांना पाठ होतं. पण लोकांना जन्मभर 'मुदतीआधी ठेव मोडू नका' म्हणून सांगणारा हा माणूस सहाव्या दिवशी टूथपिकने माती उकरून बघत होता. दोन कोंब त्यातच मोडले. बाकीचे, कदाचित घाबरून, दुसऱ्या दिवशी एकदम वर आले.

पाकिटात बी भरपूर असतं, आणि इथे एक फार मोठी अडचण उभी राहते. पुस्तक सांगतं, चार-सहा पानं आली की त्यातलं जोमदार रोप निवडा, एका कुंडीत एकच लावा, उरलेली उपटून टाका. उगवलेलं रोप उपटून टाकणं मराठी माणसाला जमत नाही. आपण लग्नपत्रिकेचं पाकीटसुद्धा उघडून उलट्या बाजूने वापरतो. परिणामी एका कुंडीत पाच रोपं राहतात, पाचही एकमेकांच्या ताटातलं ओढतात आणि पाचही खुरटतात. काकांनी ते टाळलं. चार रोपं स्वतःला ठेवून उरलेली त्यांनी कागदी कपांत भरून जिन्याने वर-खाली वाटली. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण काका सोसायटीचे खजिनदार आहेत. सोसायटीत मिरचीची साथ पसरली ती अशी.

मग ऊन. मिरचीला दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आपण फ्लॅट घेताना बिल्डरला पार्किंग विचारतो, पाणी विचारतो, देवघराची दिशा विचारतो. मिरचीची दिशा कोणी विचारत नाही. त्यात वरच्या मजल्याच्या बाल्कनीची सावली, ग्रिलच्या पट्ट्यांची सावली आणि दोरीवर वाळणाऱ्या बेडशीटची सावली. काकांच्या बाल्कनीत ऊन सकाळी डाव्या कोपऱ्यात येतं आणि अकराच्या सुमारास उजव्या कोपऱ्यातून निघून जातं. काका कुंडी घेऊन त्याच्या मागे सरकतात. संपूर्ण सकाळ जाते, पण त्यांच्या कंबरेचं दुखणं गेलं असं ते म्हणतात. काकू म्हणतात, गेलं नाही, काका दुखणं काढायला विसरलेत.

गच्चीवर ऊनच ऊन आहे, पण तिथे कमिटी आहे. ओल झिरपते, स्लॅब खराब होतो, म्हणून गच्चीवर कुंड्या नकोत असा ठराव कधीच झालेला आहे. कठड्यावरही नकोत, खाली माणसं चालतात. एसीच्या बाहेरच्या डब्यावर ठेवाव्यात तर तो गरम हवा फेकतो. त्यातून दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या पांढऱ्या कुर्त्याचं प्रकरण झालं. कुंडीखालची बशी भरून वाहिली, दोरीवरच्या कुर्त्यावर शेणखताचे ओघळ उतरले आणि नोटीसबोर्डावर 'काही सभासदांच्या कृषिविषयक उपक्रमांमुळे' अशी सुरुवात असलेली सूचना लागली. सूचनेवर खजिनदार म्हणून काकांचीच सही होती.

पाण्याचा मुद्दा नाजूक आहे, कारण आपल्याकडे माया पाण्याने मोजतात. दारात आलेल्याला आधी पाणी, रुसलेल्याला पाणी, चक्कर आलेल्याला पाणी. त्या हिशेबाने झाडालाही सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी, मधल्या वेळी काकू ओट्याजवळून येता-जाता तांब्यात उरलेलं पाणी. कुंडीतली मिरची उन्हाने मरते त्यापेक्षा अशा जिव्हाळ्याने जास्त मरते. मुळं कुजतात, खालची पानं पिवळी पडतात, आणि पिवळी पानं बघून घरातला कोणीतरी हळहळतो, "अगं, सुकतंय बिचारं, पाणी घाल." पेरभर बोट मातीत घालावं, कोरडं लागलं तर पाणी द्यावं, ओलं लागलं तर बोट पुसून आत जावं, एवढंच शास्त्र आहे. दुपारी पानं माना टाकतात ती बऱ्याचदा नुसती उन्हाने. सूर्य कलला की आपोआप सावरतात. दुसरं म्हणजे झाडाला पाण्याची थोडी ओढ बसली की मिरची जास्त तिखट होते. हे मी काकूंना सांगितलं तेव्हा त्यांनी काकांकडे पाहिलं आणि "माणसाचंही तसंच असतं" एवढंच म्हणाल्या.

रोप हातभर झालं की सल्लागार येतात. मिरचीला खत लागतं त्यापेक्षा सल्ला जास्त मिळतो, तोही विनामूल्य. 'चहाचा चोथा घाला.' घालावा, पण आपला चहा दूध-साखर घालून उकळलेला. चोथा धुऊन घातला नाही तर आठवड्यात कुंडीला मुंग्या आणि बुरशी. 'अंड्याची टरफलं घाला.' चालतील, मात्र ती मातीत मिसळायला महिनोन्‌महिने घेतात. काकूंच्या घरात अंडं वर्ज्य, म्हणून पाचव्या मजल्यावरून टरफलांची पिशवी वर्तमानपत्रात गुंडाळून, अंधार पडल्यावर येते. 'आंबट ताक फवारा.' ताकाने झाडाचं काय होतं ते झाडाला माहीत, काकूंची कढी मात्र पातळ झाली. 'शेणखत घाला, जितकं घालाल तितकं कमी.' हा सल्ला सगळ्यात धोक्याचा. नत्र फार झालं की झाड माजतं. हिरवंगार, रुंद, तजेलदार, नुसता पाला. फुलाचं नाव नाही. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष असंच एक झाड दोन पावसाळे पोसतायत. ते त्याला 'शोभेची मिरची' म्हणतात.

आणि मग बोकड्या येतो. ज्याने मिरची लावली त्याला बोकड्या चुकत नाही. शेतकरी त्याला चुरडा-मुरडाही म्हणतात. कोवळी शेंड्याची पानं आखडतात, लहान राहतात, झाडाने तोंड फिरवलेलं दिसतं. काकांनी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा झाडाला हवापालटाला कुठे न्यावं याचा ते विचार करत होते. सांगण्यासारखी गोष्ट अशी की पान नीट बघितलं तर चोर ओळखता येतो. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडी झाली असेल तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी उपडी झाली असेल तर कोळी. आणि पांढरी माशी विषाणू घेऊन आली असेल तर मग उपाय नाही, ते झाड उपटून टाकायचं, नाहीतर शेजारच्या कुंड्याही जातात.

काकांनी एक पांढरा कागद कुंडीत धरला, शेंडा दोन बोटांत पकडून हलकेच झटकला आणि पाकीट वाचायचं तेच भिंग कागदावर धरलं. मीही वाकून पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढ्या पिवळसर रेघा होत्या, आणि त्यातली एक चालत होती. दुसरी थांबली, फिरली आणि कागदाच्या घडीत शिरली. तीन निघाल्या, चौथी बहुधा धूळ होती. काका म्हणाले, "एवढ्याशा जिवाने एवढा धिंगाणा!" मागून काकूंनी विचारलं, "शाखेत नवा साहेब आला की तुम्ही हेच म्हणायचात ना?"

उपचार सुरू झाले. निंबोळी तेलात दोन थेंब भांडी घासायचा साबण घालून फवारणी झाली, तीही संध्याकाळी, कारण भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल लावून चिकट सापळा टांगला. त्याला दोन पांढऱ्या माश्या, काही डास आणि काकांच्या नव्या शर्टाची बाही चिकटली. फरक पडेना. तेव्हा गावाकडच्या मेहुण्यांनी फोनवर रामबाण सांगितला: हिरवी मिरची, लसूण आणि आलं कुटायचं, पाण्यात उकळायचं, गाळून, भरपूर पातळ करून फवारायचं. हे खरंच करतात, बरेच शेतकरी करतात. काकांनी मंडईतून पाव किलो मिरच्या आणल्या. काकूंनी पाट्यावर वाटल्या. खोकून खोकून शेजारच्या दोन फ्लॅटची दारं उघडली. ज्या झाडाला तोवर एकही मिरची लागली नव्हती, त्याला पाव किलो मिरच्यांचं औषध झालं.

त्यानेही समाधान झालं नाही तेव्हा काकूंनी झाडाची दृष्ट काढली. मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन कुंडीवरून ओवाळल्या आणि गॅसवर जाळल्या. मिरच्या जळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट होती असं समजतात. ठसका लागला नाही. पण आदल्याच दिवशीच्या वाटणाने सगळ्या मजल्याचे घसे इतके सरावले होते की ही चाचणी कितपत ग्राह्य धरावी, याबद्दल मला शंका आहे. काही का असेना, झाडाने नवा शेंडा फोडला. निंबोळीवाले म्हणतात निंबोळीने, मेहुणे म्हणतात मिरचीने. काकू काही म्हणत नाहीत.

मेमध्ये फुलं आली. मिरचीचं फूल पांढरं, करंगळीच्या नखाएवढं आणि खाली मान घातलेलं असतं. आलेली सगळी फुलं गळून पडली. यात कोणाचा दोष नाही. पारा पस्तिशीच्या वर गेला, रात्रीही उकडत राहिलं की मिरची फूल धरत नाही, देठापासून सोडून देते. काकांना हे पटलं नाही. त्यांनी हिंगाचं पाणी दिलं, मग परागीभवन मनावर घेतलं. मिरचीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, वाऱ्याने फांदी हलली तरी काम भागतं. काकांची बाल्कनी काचा लावून निम्मी बंद केलेली असल्याने वारा फारसा येत नाही, म्हणून ते रोज सकाळी प्रत्येक फुलाला हलकेच टिचकी मारायचे. हा उपाय शास्त्राला धरून आहे. फक्त तो बनियनवर, समोरच्या बिल्डिंगला पाठ न करता केला की गैरसमज होतात.

जूनमध्ये पाऊस पडला, हवा निवली आणि चार झाडांना मिळून सात मिरच्या लागल्या. पहिलीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडला. तिच्याशेजारी मापासाठी एक रुपयाचं नाणं ठेवलेलं होतं. बहात्तर अंगठे आले. मग खरा प्रश्न सुरू झाला.

सकाळी साडेसातला पोह्यांना फोडणी पडली होती. मोहरी तडतडली, आणि काकूंनी हाक मारली, "अहो, दोन मिरच्या तोडून द्या."

"कुठली?"

"कुठलीही. मिरच्या आहेत त्या."

"मोठी नको, ती बियाण्याला ठेवलीय. डावीकडची अजून वाढेल. आणि ती जोडी आहे ना, तिचा फोटो काढायचाय, ऊन आलं की."

मोहरी जळली. काकूंनी फ्रिजमधल्या विकतच्या मिरच्या काढल्या. हे महिनाभर रोज चाललं. घरात चार झाडं फळलेली आणि यादीत दर मंगळवारी 'मिरच्या १० रु.' आहेच. शास्त्राचं म्हणाल तर काकू बरोबर होत्या. मिरची जितकी तोडाल तितकी झाड नवी फुलं काढतं. झाडावर पिकवून लाल होऊ दिली की झाडाला आपलं काम झालंसं वाटतं आणि ते निवांत होतं. देठासकट कात्रीने कापावी, ओढून तोडली तर फांदी हातात येते. काकांना हेही पाठ होतं. पण 'घरची?' विचारणारे अजून निम्मेच पाहुणे येऊन गेले होते.

एके सकाळी मोजणीत दोन कमी भरल्या. काका रोज मोजतात. चौकशी सुरू झाली. संशय आधी खारीवर गेला, पण खारीला तिखट झोंबतं. मग बुलबुलावर. पक्ष्यांना मिरचीचं काहीच वाटत नाही, कारण मिरचीतलं जे कॅप्सेसिन आपल्या तोंडाला आग लावतं, ते ओळखणारी कळच त्यांच्याकडे बोथट असते. पिंजऱ्यातला पोपट कचाकचा मिरची खातो आणि आपण त्याचं धाडस म्हणून कौतुक करतो. त्या बिचाऱ्याला ती काकडीच लागत असणार. सस्तन प्राणी दाढांनी बी चिरडतात, पक्षी आख्खं गिळतात आणि दूर नेऊन टाकतात, म्हणून मिरचीने सस्तनांसाठी दार लावलं आणि पाखरांसाठी उघडं ठेवलं, असा तर्क आहे. माणूस हा सस्तन असूनही ते दार फोडून आत गेला आणि वर ठेचा करून बसला. बुलबुल मात्र पिकलेली लाल मिरची पसंत करतो, गेलेल्या दोन हिरव्या होत्या, आणि त्याच दिवशी काकूंच्या कोशिंबिरीला एरवीपेक्षा वेगळीच झणक होती. काकांनी दोन घास खाल्ले, थांबले, काकूंकडे पाहिलं आणि तपास बंद केला.

राजरोस पहिली तोड झाली ती आषाढी एकादशीला, खिचडीसाठी. देवाच्या नावाने मागितल्यावर काकांना नाही म्हणता येईना. एक गंमत आहे. आपण उपासाला हळद वर्ज्य मानतो, मोहरी वर्ज्य मानतो, म्हणजे जे इथलं आहे, पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, ते चालत नाही. आणि खिचडीत काय असतं? साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो अमेरिका खंडातला, बटाटा तिकडचाच, शेंगदाणा तिकडचा आणि हिरवी मिरचीही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून मिरची गोव्याच्या बाजूने आत आली. त्याआधी आपला तिखटाचा सगळा कारभार मिरी, पिंपळी आणि सुंठीवर चालायचा. म्हणजे मुक्ताबाईंनी ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजले त्या कथेतल्या पानात मिरचीचा ठेचा असणं शक्य नव्हतं. चारशे-पाचशे वर्षांत ही बाई अशी काही रुळली की तिच्याशिवाय आता ना एकादशी होते, ना द्वादशीचं पारणं. भिवापूर आणि काणकोणजवळचं खोला ही गावं आपापल्या मिरचीला भौगोलिक मानांकनं मिळवून बसलीत, नंदुरबारचा मिरचीबाजार लाल होऊन वाहतो आणि लवंगीचा आम्ही पोरीबाळींच्या स्वभावाला दाखला देतो. एवढं नागरिकत्व तर आमच्या सोसायटीतल्या भाडेकरूंनाही मिळालेलं नाही.

सप्टेंबरअखेर काकांनी सहामाही हिशेब काढला. वही लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची. खर्चाची बाजू अशी: कुंड्या ४८० रुपये, माती आणि शेणखत २२०, कोकोपीट १८०, गांडूळखत १६०, निंबोळी तेल १४०, खुरपं आणि फवारणीची बाटली १६०. एकूण १३४०. जमेच्या बाजूला मिरच्या २३. भागाकार केला तर मिरचीमागे ५८ रुपये २६ पैसे. पाव किलो मिरच्यांचं औषध आणि आंबट ताक काकांनी धरलं नव्हतं; ते काकूंच्या खात्यावर टाकलं होतं.

काकू वहीत डोकावल्या आणि हसत सुटल्या. काका तीस वर्षं ताळेबंद केलेला माणूस, ते असे हरणार नव्हते. त्यांनी कुंड्या, खुरपं आणि बाटली भांडवली खर्चात टाकली, पाच वर्षांचा सरळ घसारा लावला, म्हणजे ६४० चे वर्षाला १२८. राहिलेले ७०० मिळवून ८२८. भागिले २३, बरोब्बर ३६ रुपये. "बघ," ते म्हणाले, "एका बैठकीत बावीस रुपयांनी भाव उतरवला." शिवाय उन्हाळ्याआधी नीट छाटलं तर मिरचीचं झाड दोन-तीन वर्षं सहज जगतं, हे खरं आहे, म्हणून झाडंसुद्धा मालमत्तेत धरावीत का याचा ते विचार करतायत. त्यांच्या सीए मित्राने फोन उचलणं सोडलंय.

या सगळ्यात पाचव्या मजल्यावर वेगळीच शेती चालली होती. तिथे काकांचा पुतण्या राहतो, हिंजवडीला जातो, आणि ज्वाला त्याला 'बेसिक' वाटते. त्याने ऑनलाइन कॅरोलिना रीपरचं बी मागवलं. तिखटपणा मोजायची रीत विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पाणी घातलं ते मोजायचं. सिमला मिरची शून्यावर असते. २००७ मध्ये आपल्या ईशान्येकडच्या भूत जोलोकियाने दहा लाखांचा टप्पा ओलांडून गिनीजमध्ये नाव काढलं, २०१३ मध्ये रीपर पंधरा लाखांवर गेली, आणि २०२३ मध्ये तिलाही हरवलं ते तिच्याच मालकाच्या पेपर एक्सने. त्या गृहस्थाला भांडायला दुसरं कोणी मिळेना, म्हणून तो स्वतःशीच भांडतोय.

रीपरचं बी उगवायलाच तीन आठवडे गेले. काका रोज वर जाऊन 'काय रे, आलं का?' विचारायचे, सहानुभूतीच्या सुरात. शेवटी दसऱ्याच्या आसपास सहा मिरच्या पिकल्या. लाल, गाठीगाठीच्या, खाली विंचवाच्या नांगीसारखं शेपूट. सहा आल्या, आणि त्यांचं करायचं काय हे कोणालाच सुचेना. पुतण्याने एकीचा तिळाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. तिखट ही मुळात चवच नव्हे. गरम लागल्याची वर्दी मेंदूला देणारी जी कळ असते, तीच कॅप्सेसिनने दाबली जाते, आणि ती कळ शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. पुतण्याला हे सगळं माहीत होतं. तरी तो नळाखाली तोंड धरून उभा राहिला. पाण्याने काही होत नाही, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. काकूंनी वाटीभर सायीचं दही आणून दिलं तेव्हा कुठे त्याला बोलता आलं. मग त्याने त्याच हाताने डोळे पुसले. त्याबद्दल लिहीत नाही.

"बिया काढून टाकल्या असत्यास तर?" काकांनी विचारलं. पुष्कळांचा हाच समज असतो. तिखटपणा बियांत नसतो, बिया ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेल्या असतात त्या शिरेत असतो. बियांना तो नुसता लागतो. काकूंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की तरीच नातवासाठी त्या जन्मभर शीर ओरबाडत आल्यात.

सहाच्या सहा रीपर फडताळात वरच्या खणात, चिमट्याने उचलून ठेवल्या होत्या. त्याच आठवड्यात पुतण्याने गाडी घेतली. काकूंनी पूजा केली, नारळ वाढवला आणि सुईदोरा घेऊन लिंबू ओवायला बसल्या. रीपर वाया कशाला घालवायच्या, म्हणून त्याच ओवल्या, हातात भांडी घासायचे रबरी मोजे चढवून. पण लिंबाला मिरच्या सात लागतात, आणि रीपर सहा. पुतण्या खाली काकांकडे गेला. काकांनी कात्री आणली, झाडाभोवती दोन फेऱ्या मारल्या, फोटो झालेली एक ज्वाला देठासकट कापून दिली आणि आत जाऊन वही उघडली. पुतण्याच्या नावाने नवं खातं निघालंय. येणे: मिरची नग १, रुपये ३६.